हाक ऐकू जाईल एवढं अंतर

निवेदिताच्या डाव्या हाताची करंगळी मधूनच वाकडी आहे. वरचं पेर बाहेरच्या बाजूला वळलंय आणि त्यावर नख नाही. बूढापाऱ्यात, म्हणजे तिच्या माहेरच्या मोहल्ल्यात, कुणी विचारलं की ती सांगायची, अमेरिकेत गाडीच्या दारात सापडलं. लोक "अरे रे" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, गाडी कोणती होती? आमच्या रायपूरच्या मराठी माणसाला अमेरिकेतल्या दुखण्याचाही हेवा वाटतो, त्याला कोण काय करणार!

बाईचं वय अठ्ठेचाळीस. माहेरच्या घरामागे टिनाची शेड आहे, तिथे गॅसच्या भट्टीवर ती दहा वर्षं खुबूस भाजते आहे. खुबूस म्हणजे अरबांची पोकळ, फुगणारी रोटी. शहरात शावरमाच्या गाड्या निघाल्या आणि तिचा जम बसला. रोज सकाळी स्कूटरला क्रेट बांधून ती बूढा तालाबाला वळसा घालते आणि थेट भनपुरीपर्यंत माल पोचवते. तिची आई विमलाबाई लोकांना सांगते की पोरगी बेकरीच्या धंद्यात आहे. अरबांचं नाव त्या घरात कुणी काढत नाही.

तिचं लग्न झालं तेव्हा अख्ख्या पाऱ्यात पेढे वाटले होते. नवरा शिशिर मिशिगनला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. तिचे वडील यशवंतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, जावयाच्या घराचा फोटो खिशात घेऊन फिरायचे. "अर्धा एकर जागा आहे, अर्धा एकर! शेजाऱ्याचं तोंडसुद्धा पाहा लागत नाही." आमच्या लोकांची ही एक खोडच आहे. मुलगी द्यायची तर घर केवढं, जागा किती, सगळं खोदून खोदून विचारतील. शेजार किती लांब आहे, ही मात्र त्यांना काळजीची गोष्ट वाटत नाही. उलट लांब असला तर जास्त खूश.

पहिला मार तिने साड्यांपायी खाल्ला. मागच्या लॉनवर दोरी बांधून तिने तीन साड्या वाळत घातल्या. त्या कॉलनीत असलं चालत नसे, तक्रारीची चिठ्ठी आली. शिशिरने चिठ्ठी वाचली, बाहेर जाऊन दोरी सोडून आणली आणि ओल्या दोरीने तिला बडवून काढलं. पाठीवर, पोटऱ्यांवर, जमिनीवर पडल्यावर कानशिलावर. "आपली पोझिशन काय आणि तू अरबांच्या वस्तीसारखे कपडे लटकवून राहिली?" एवढं एकच वाक्य तो दर फटक्याला म्हणत होता.

हा शिशिर तिथल्या भारतीय मंडळाचा अध्यक्ष. दर दिवाळीला भाषण करायचा, पडद्यावर रंगीत तक्ते दाखवायचा. भारतीय घरांची कमाई सगळ्यात वर, शिक्षण सगळ्यात वर, आणि रेल्वे लाइनीपलीकडचे अरब कुठे तर खाली. दुकानांवरच्या खोल्यांत राहणारे, एका जिन्यावर चार संसार. शेवटी हमखास म्हणायचा, "आणि बायकांना मारतात." सभागृहात हळहळ पसरायची. पहिल्या रांगेत निवेदिता पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून टाळ्या वाजवत असायची.

तक्ते खोटे नव्हते. पण आपला माणूस तिकडे उतरला तो डिग्री, व्हिसा आणि नोकरीचं पत्र खिशात घालून. पलीकडच्या वस्तीतले बरेचसे आले होते बॉम्बखालून पळत, दोन पोरं आणि एक ब्लँकेट घेऊन. दोघांना एकाच पट्टीने मोजायचं आणि वर छाती फुगवायची, याला अक्कल म्हणत नाहीत. अरबांतही डॉक्टर, प्रोफेसर होतेच. ते शिशिरच्या पडद्यावर कधी यायचे नाहीत.

आठ वर्षं अशी गेली. बरगडी एकदा मोडली, पोटातलं मूल एकदा गेलं. मग एका शनिवारी भर दुपारी निवेदिताने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. विमलाबाई म्हणाली, "निवू, एवढं मोठं घर भेटलं तुले. सांभाळून घे बेटा. बाबांले नको सांगू, त्यांचं बी.पी. वाढते."

शिशिर मंडळाची सभा आटोपून आला होता आणि दारात उभा राहून ऐकत होता. त्याने फोन हळूच जागेवर ठेवला. ओट्यावर विमलाबाईने रुखवतात दिलेला पितळी अडकित्ता पडला होता. त्याने निवेदिताचा डावा हात ओट्यावर दाबून धरला, करंगळी अडकित्त्यात घातली आणि अडकित्ता मिटला. सुपारी फुटताना होतो तसाच आवाज झाला.

ती किंचाळली, घसा फाटेपर्यंत किंचाळली. चहूबाजूंनी लॉन, लॉनपलीकडे झाडं, झाडांपलीकडे दुहेरी काचांच्या बंद खिडक्या. कुठे एक पडदा हलला नाही. रक्त गळत ती शेजारच्या घरापर्यंत धावली. नागपूरच्या डॉक्टरीणबाई तिथे राहायच्या. त्यांनी दाराच्या काचेतून पाहिलं, दार मात्र उघडलं नाही. "वहिनी, तुम्ही तिथेच थांबा हं. मी शिशिरजींना फोन करते, ते येतील न्यायला."

निवेदिता थांबली नाही. हाताला ओढणी गुंडाळून, पायात सपाता, ती दीड तास चालली आणि रेल्वे लाइन ओलांडून पहिल्या गजबजलेल्या दुकानात शिरली. ती सुआदची बेकरी होती. सुआद लेबनॉनची, पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई. तिने एक प्रश्न विचारला नाही. रोट्या झाकायचं फडकं फाडलं, हात बांधला आणि तिला भट्टीजवळ पोत्यावर बसवलं.

तासाभरात शिशिर आला. डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून दिशा पाहून ठेवली असावी. टाय तसाच, भांग तसाच. दुकानात शिरून त्याने गिऱ्हाइकांना "सॉरी" म्हटलं, निवेदिताचे केस मुठीत धरले आणि तिला फरशीवरून ओढायला लागला. निवेदिता ओरडली. या वेळी मात्र जिना दणाणला. वरच्या चार संसारांतली माणसं खाली आली, म्हातारी, बाप्ये, साबणाच्या हातांच्या बाया. सुआदने भट्टीत रोटी सारायचं लांब लाकडी फावडं उचललं आणि शिशिरच्या खांद्यावर असं घातलं की गळ्याजवळचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तो पडला. ती पुन्हा हाणणार तेवढ्यात तिच्याच दिराने तिला आवरलं, नाहीतर तिथे मुडदाच पडला असता.

त्या दिराबद्दल सुआदने पुढे सांगितलं. "हासुद्धा बायकोला मारायचा. आमचे पुरुष काही देवदूत नाहीत. पण या जिन्यात कुणी कुणाला मारलं की चाळीस माणसं ऐकतात, आणि माझी सासू फावडं घेऊन वर जाते." निवेदिता दोन वर्षं त्या जिन्यावर राहिली, रोटी भाजायला शिकली, घटस्फोट घेतला आणि रायपूरला परतली. नवऱ्याशी पटलं नाही, एवढंच तिने बाबांना आणि भावाला सांगितलं. वडिलांचं बी.पी. होतं ना! घटस्फोटात परत मिळालेल्या सामानातून अडकित्ताही आला. विमलाबाईने तो चिंचेने घासून लखलखीत केला आणि देवघरात ठेवून दिला.

यंदाच्या मे महिन्यात भावाच्या मुलीला, श्रावणीला, स्थळ आलं. विशाल नावाचा पोरगा, तिकडेच टेक्ससला, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला. सोबत वडील चारुदत्तराव आणि आई. भाऊ भार्गव तर हवेतच होता. लग्नाची सुपारी त्याच दुपारी फोडायची असं ठरवूनच दोन्हीकडची मंडळी बसली. एकदा दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी सुपारी फोडली की आमच्यात शब्द मोडत नाहीत.

कूलर घरघरत होता. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात विशालची आई पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती. निवेदिताचं लक्ष तिथेच अडकलं.

चारुदत्तरावांची गाडी सुसाट सुटली होती. "यशवंतरावजी, इनकममधे आपले लोक नंबर वन. विशालच्या शहरात अरब पण लई आहेत, पण कुठे ते अन् कुठे आपण! ते लोक खुराड्यात राहतात. याचं घर पाऊण एकरावर आहे."

"पाऊण!" यशवंतराव म्हणाले. त्यांचे म्हातारे डोळे पूर्वीसारखेच चमकले.

श्रावणी विशालशेजारी बसली होती. बँकेतली पोट्टी, मराठी समजते पण उत्तर हिंदीतून. ती हसत म्हणाली, "वहाँ जाकर मैं भी जॉब करूँगी, घर में तो बोर हो जाऊँगी." विशालही हसला. हसता हसता त्याने तिचा हात प्रेमाने धरावा तसा धरला आणि बोटं मागे वाकवली. त्याचं हसू तसंच होतं, आवाज तसाच मऊ होता, फक्त श्रावणीची बोटं पांढरी पडत गेली. तिला काय होतंय हे तिलाच कळेना. पोरगी लाजली, असंच बाकीच्यांना वाटलं.

निवेदिताला मात्र कळलं. तिच्या आत असा संताप उसळला की कानात घण बसायला लागले.

"विशाल," ती म्हणाली, "तुमच्या घरात कोणी ओरडलं तर शेजाऱ्यांले ऐकू जाते का?"

सगळे हसले. विशाल म्हणाला, "नाही ना आत्या. कितीही म्युझिक लावा, कोणाला त्रास नाही!"

एवढ्यात विमलाबाई तबक घेऊन आली. नारळ, हळदकुंकू, पाच सुपाऱ्या आणि देवघरातला तोच अडकित्ता. यशवंतरावांनी हात पुढे केला, पण त्याआधी निवेदिताने अडकित्ता उचलला. आपली वाकडी करंगळी तिने त्याच्या पात्यांत घातली. वाकलेलं पेर तिथे बरोबर बसलं.

"बाबा, गाडीचं दार नव्हतं. हा होता. शिशिरनं माही करंगळी यात घालून फोडली. आईले माहीत होतं की तो मारते. ते घरही लई मोठंच होतं."

विमलाबाईच्या हातून तबक पडलं. सुपाऱ्या फरशीभर घरंगळल्या.

"आणि हा पोट्टा श्रावणीची बोटं मोडून राहिला. पाहा तिचा हात."

"ये क्या तमाशा है?" चारुदत्तराव उठले. "बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे काय?" विशालचं हसू मावळलं. तो उठला, श्रावणीचं मनगट धरून म्हणाला, "चलो, अंदर बात करते हैं." तिने हात सोडवून घेतला. तसा त्याने तिच्या इतक्या जोरात थोबाडीत मारली की तिचं डोकं भिंतीवर आपटलं. भुवई फुटली. तो दंड पिरगाळून तिला आतल्या खोलीकडे ओढायला लागला. भार्गव, सख्खा बाप, ठोंब्यासारखा उभा होता.

"आत्याऽऽ!" श्रावणी किंचाळली.

निवेदिताने अडकित्ता मुठीत धरला आणि विशालच्या मनगटावर हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हाडावर. तो विव्हळला, पण दुसऱ्या हाताने त्याने तिचा गळा पकडला आणि तिला कूलरवर ढकललं. पत्रा चिरत गेला, तिच्या खांद्यातून रक्त आलं. तिने त्याच्या हाताचा चावा घेतला आणि सोडला नाही.

बूढापाऱ्यातली घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एकाकडे फोडणी पडली की दुसरीकडे ठसका लागतो. किंकाळी विरली नव्हती तोवर शेजारची गोदू काकू हातात उलथनं घेऊन दारात हजर झाली. मागून तिचे दोन जावई, समोरचा शिंपी, पानठेल्यावरची पाच-सहा माणसं. "काहून मारून राहिला रे पोट्टीले?" म्हणत गोदू काकूने पहिलं उलथनं घातलं. मग विशाल पायऱ्यांवरून कसा खाली गेला, ते नीट कुणालाच सांगता येत नाही. गल्लीत त्याचा शर्ट फाटला, दोन दात पडले. लोकांच्या पाया पडून चारुदत्तरावांनी त्याला गाडीत कोंबलं. विशालची आई मात्र तोवर खुर्चीतच बसून होती. जाताना तिने श्रावणीच्या गालावरून हात फिरवला. बाही वर सरकली, तेव्हा मनगटावरचे निळे डाग सगळ्यांनी पाहिले.

घर माणसांनी भरून गेलं. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. गोदू काकू श्रावणीची भुवई दाबून बसली. विमलाबाई भिंतीला टेकून होती, तिला मान वर करवत नव्हती.

यशवंतराव फरशीवर बसले आणि न फुटलेल्या सुपाऱ्या एकेक करून गोळा करायला लागले. पाचवी सापडेना. ती निवेदिताच्या पायाशी होती. ती उचलताना त्यांनी तिची करंगळी धरली आणि सोडली नाही.

"निवू," ते म्हणाले, "तिथं तू ओरडली होती काय?"

"हव बाबा," निवेदिता म्हणाली. "आठ वर्षं."