गुरुवारचे पान

राजूरच्या फाट्यावर सर्व्हिस मोटारीच्या टपावर माझी ट्रंक आणि वळकटी चढवून झाली, तेव्हा नानांनी मला बाजूला घेतले. नाना म्हणजे माझे वडील. गावच्या शाळेचे मास्तर आणि जोशीही. निरोपाचे बोलणे त्यांना जमत नसे. त्यांनी माझ्या हाती एक कागद दिला. सोमवारपासून रविवारपर्यंत, प्रत्येक वारापुढे नगरातल्या एकेका घराचा पत्ता. ज्या घरी ज्या दिवशी जेवायचे ते सारे त्यांनी महिनाभर पत्रे लिहून ठरवले होते. याला आमच्याकडे वार लावणे म्हणत. "सात वार, सात घरे," नाना म्हणाले. "कोणाचेही पान तुझ्यासाठी खोळंबता कामा नये."

एखादा वार सुटला तर त्या दिवशी उपास आणि दोन-तीन सुटले तर शिक्षण सोडून परत, हे त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे सविस्तर सांगतो आहे, कारण आता गावाहून निघालेले मूल दुपारपर्यंत नगरला पोहोचते आणि खानावळीत जेवते. त्याला त्या कागदाचे वजन कळायचे नाही.

दुसरे महायुद्ध संपून दोन-तीन वर्षे झाली होती. आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ नवा, आणि मी त्यात सेंटर हाफ. म्हणजे मागून आलेला चेंडू पुढच्यांना वाटून देणारा. पहिल्या सामन्यात छावणीच्या पलटणीने आमच्यावर सहा गोल चढवले. त्यानंतर तोवर आम्हाला शिकवणाऱ्या चित्रकलेच्या सरांनी शिट्टी खाली ठेवली आणि नवे प्रशिक्षक आले: पेन्शनीत निघालेले एक हवालदार, कोपरगावकडचे, जाड मिशांचे.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी खेळ थांबवला. आम्ही नवे विद्यार्थी एकमेकांना मोठ्या अदबीने हाक मारत असू. "अहो जाधव, जरा इकडे देता का?" असे मी म्हणालो होतो.

"मास्तर," ते मला म्हणाले, आणि तेच नाव मला कायमचे चिकटले, "तुमचं अहो-जाहो संपस्तवर पलटन गोल मारून च्या प्यायला गेली की!"

त्यांचा दुसरा नियम मात्र हसण्यासारखा नव्हता. सराव झाल्यावर लिंबाखाली सर्वांनी एका ओळीत बसायचे आणि एकाच टोपलीतली भाकरी-ठेचा खायचा. ओळीत तीन तुकडे पडलेच. जे घरी एकमेकांच्या पंक्तीला बसत नव्हते, ते इथेही हातभर अंतर सोडून बसले. मी तर बसलोच नाही. माझे वार सोवळ्याच्या घरांचे. "मला जेवायला जायचे आहे," असे सांगून मी रोज निघत असे.

पुढे पाय मुरगळला म्हणून आठवडाभर मी कडेला बसलो. हवालदारसाहेबांनी वही आणायला लावली. कोणी कोणाला चेंडू दिला, त्याची नोंद मी रेघा ओढून ठेवली. आठवड्याअखेर रेघा पाहिल्या आणि चकित झालो. चेंडू ज्याच्या त्याच्या तुकड्यातच फिरत होता. मी उत्साहाने ते त्यांना समजावून सांगितले.

"आन् तुमच्या रेघा?" त्यांनी विचारले.

मी खेळू लागलो त्या दिवशी त्यांनी खिशात खडे ठेवले होते. मी दिलेल्या प्रत्येक पासचा एक खडा. खेळ संपल्यावर त्यांनी ते खेळाडूंच्या जागेप्रमाणे मातीत मांडले. डाव्या टोकाला एकही नव्हता. तिथे सखाराम जाधव खेळे. आमच्यात सर्वांत वेगवान.

"टाचा उंचावून हुबा ऱ्हातो मी," सखाराम हसत म्हणाला. "मास्तर बगतच न्हाईत. उद्या झेंडा घेऊन येतो."

मी मुद्दाम काही केले नव्हते, आणि तेच मला जास्त लागले. मी हातपाय धुतले, सखारामच्या शेजारी बसलो आणि त्याने मोडून दिलेली अर्धी भाकरी खाल्ली.

बातमी माझ्याआधी पोहोचली. गुरुवारच्या काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "बाळ, राग मानू नकोस. आमच्याकडे कुळाचार असतात. तिकडे जेवतोस ना, तिकडेच जेवत जा." शनिवारचे घरही बंद झाले. दोन वार गेले होते. इतरांनी कळवण्याआधी मीच नानांना सर्व लिहिले, काहीही न वगळता, आणि परतीची तयारी मनाशी केली.

काकूंनी परत पाठवले त्याच गुरुवारी सखाराम खोलीवर आला होता; तेही मी पत्रात लिहिले होते. "आत्तीनं बोलावलंय. चल की रे." तो शहराला लागून असलेल्या भिंगारला आत्याकडे राहत असे. आत्याबाईंनी ताट वाढले आणि म्हणाल्या, "बेस्तरवार आता आमचा. उशीर केला तर बगा."

आठ दिवसांनी नानांचे कार्ड आले. मजकूर तीन ओळींचा. 'दोन्ही घरांना आभाराची पत्रे मी टाकली आहेत. शनिवारची सोय पाहतो. लिंबाखाली जेवलास त्या दिवशी कोणाचे पान खोळंबले नाही ना, एवढे कळव.'

मोसमाच्या शेवटी पुन्हा पलटणीशी गाठ पडली. आम्ही हरलो, पण दोन विरुद्ध एक. तो एक गोल मी न पाहता डावीकडे टाकलेल्या चेंडूवर सखारामने केला. न पाहता, कारण तो तिथे असणार हे मला ठाऊक होते. हवालदारसाहेबांनी खिशातला एक खडा माझ्या हातावर ठेवला आणि ते निघून गेले.

मी नगरलाच शिक्षक झालो. नाना गेले, गावचे घर चुलतभावांकडे आहे. तिथे मला पाहुणा म्हणून पाट मिळतो. आत्याबाईही आता नाहीत. सखाराम भिंगारलाच आहे, आणि गुरुवारी त्याच्याकडे माझे पान मांडलेले असते. आज गुरुवार. हे इथेच थांबवतो; उशीर होता कामा नये.