हमीदनं बूच लावलं होतं

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून होतो, तिच्यापाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — कदाचित तेवढंच कारण असेल.

मी शहरातल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो. विद्यापीठाचं नाव घेत नाही. यात त्याचा दोष नाही, दोष एका माणसाचा आहे, आणि तो माणूस हे लिहितोय.

आमच्या विद्यापीठाची हकिगत लोक मलाच विचारतात. कोणी पाहुणा आला, कुठला समारंभ असला, की मला उभं करतात. मी सांगतोही रंगून. आमच्या आधीच्या पोरांना पदवीसाठी परप्रांतातल्या विद्यापीठाच्या तोंडाकडे बघावं लागे, मग आमच्या प्रांताला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. सुरुवातीला कचेरी भाड्याच्या घरात, ग्रंथालय म्हणजे चार कपाटं, आणि आमची संशोधनाची प्रयोगशाळा म्हणजे एका कॉलेजच्या मागची पत्र्याची शेड. उन्हाळ्यात पत्रा असा तापे की काचेची नळी हातात धरवत नसे. आज तिथं दगडी इमारत आहे, उतरत्या बाकांचे वर्ग आहेत, वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून आलेली पोरं तिथं संशोधन करतात. हे सगळं मी सांगतो. शेडच्या गोष्टीपाशी येतो — आणि तिथून उडी मारतो. थेट दगडी इमारतीवर. मधलं कोणी विचारत नाही. मधलं म्हणजे हमीद.

हमीद मंगरुळपीरचा. घरचा धंदा रंगाऱ्याचा. त्याच्या आज्याच्या काळी आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढून कापड रंगवत. पुढं परदेशी रंगाच्या पुड्या आल्या, आलीची झाडं कोणी लावेना. मी जवळच्याच आसेगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. वाशीमच्या शाळेत आम्ही एका बाकावर आलो आणि मग कॉलेज, पदवी, संशोधन — सगळीकडे एका बाकावरच राहिलो. तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे आता म्हणायला काय जातं? तेव्हा मला ते सहन होत होतं का? — थांबा, क्रमानं सांगतो.

त्याला आलीच्या मुळातला लाल रंग शुद्ध करून त्याची घडण शोधायची होती. "आमच्या आज्यानं जिंदगीभर जे हातानं केलं ना शंकर, ते मले कागदावर मांडायचं हाय," असं म्हणायचा. आमचे प्राध्यापक मोठे कडक, पण हमीदच्या टेबलापाशी आले की त्यांचा आवाज उतरे. पुढच्या वर्षी विभागात एक जागा भरायची होती. एकच. ती त्याचीच, हे मला दिसत होतं. घरी मात्र मी सांगून बसलो होतो की माझी होणार. बापानं साऱ्या आसेगावात सांगितलं होतं.

शेडमध्ये आणखी एक माणूस होता. नामदेव. काचसामान धुवायचा, पाणी भरायचा. तो कारंज्याकडच्या धनजचा, म्हणजे आपल्याच मुलखाचा. त्यामुळं तो आम्हा दोघांना 'साहेब' कधी म्हणालाच नाही, "काहो भाऊ, जेवले का?" एवढंच. घरी बायको सुंदरा आणि एक लहान मुलगी. मुलीची लाळ पुसत पुसत तो तिला कधी कधी शेडच्या दारापर्यंत घेऊन यायचा.

आता ईथरबद्दल सांगायला हवं. ईथर हे पातळ द्रव्य असतं, तळहातावर टाकलं तर बघता बघता उडून जातं. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि ती वर जात नाही — जड असते, टेबलावरून ओघळते, जमिनीवरून सरपटत जाते. तिला ज्योत सापडली, की संपलं. म्हणून त्या बाटलीचं बूच काचेचं, घासून बसवलेलं. मुळांतला रंग काढायला हमीदला ईथर लागे. मलाही माझ्या कामाला लागे. बाटली एकच.

त्या दिवशी सकाळी हमीदनं ईथर घेतलं. दुपारी मी घेतलं. मी भांड्यात ओततच होतो, तोच बाहेरून कोणीतरी म्हणालं, सर जागेबद्दल बोलतायत. मी भांडं ठेवलं, बाटली ठेवली आणि बाहेर गेलो. व्हरांड्यात खांबाआड उभा राहिलो, कान देऊन. सर हमीदचंच नाव घेत होते. मी तिथं किती वेळ होतो, कोण जाणे. बूच माझ्या हातात होतं. माझ्या हातात! घामानं ओलं झालेलं.

ते हातात आहे हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा आतून आवाज आला. स्फोट नव्हे — मोठं फडकं झटकल्यासारखा.

हमीद दोन टेबलं पलीकडं होता, त्यानं आपला स्पिरिटचा दिवा पेटवला होता. नामदेव खाली बसून चंबू घासत होता. वाफ खालीच होती, म्हणून पेटला तो नामदेव. मी दारात पोचलो तेव्हा हमीद त्याच्या अंगावर पडून हातांनी आग विझवत होता. नुसत्या हातांनी. मी? मी दारात उभा होतो. मग धावलो, रेतीची बादली ओतली, ओरडलो — सगळं केलं. आणि त्या गडबडीत बूच टेबलाखाली टाकून दिलं.

नामदेव दवाखान्यात गेला. फार दिवस काढले नाहीत त्यानं.

सरांनी विचारलं, बाटली उघडी कोणी ठेवली? हमीदच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, उभं राहवत नव्हतं. मी शेजारीच होतो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सर, सकाळी मीच घेतलं होतं. माझ्याकडूनच राहिलं असंल." — 'मी तोंड उघडायच्या आत' असं लिहिलं मी. बघा, अजून सवय जात नाही. मी तोंड उघडणारच नव्हतो. मला कोणी विचारलं नाही. दुपारी मीही ईथर घेतलं होतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला कदाचित दिसलं असेल तो नामदेव आता उरला नव्हता.

हमीदला कोणी काढलं नाही. सर उलट त्याला थांब म्हणाले. पण तो थांबला नाही. हात बरे झाले ते बोटं एकमेकांना चिकटूनच. नळी धरता येईना, लेखणी धरता येईना. आणि धरता आली असती तरी — "त्या शेडमधी माह्यानं पाय ठेववत नाही शंकर," एवढं बोलून तो मंगरुळपीरला निघून गेला. जागा मला मिळाली. बापानं गावात पेढे वाटले.

माणूस मेल्याची मला खंत होती, हमीदच्या हातांची होती. पण नेमणुकीचं कळलं त्या क्षणी मला जो झाला, तो आनंदच होता. त्याला दुसरं नाव मी देऊ शकत नाही.

सुंदरा मुलीला घेऊन धनजला परत गेली; तिचं माहेरही तिथलंच, भावाकडे राहिली. हमीदनं मग काय करावं? घरच्या दुकानावर बसायचा, भाऊ रंगवायचा आणि हा कापड विकायचा. आणि दर हंगामाला धनजला जायचा. कधी बैलगाडीनं, कधी अर्धी वाट पायी. ज्वारीचं पोतं न्यायचा, छप्पर शाकारून द्यायचा, मुलीला शाळेत घालायला त्यानंच सुंदराच्या भावाशी भांडण केलं. लोक बोलत. हा मुसलमान, ती विधवा — बोलणारच. त्यानं कधी उत्तर दिलं नाही. लग्नही केलं नाही. आईनं फार धोशा लावला, तर म्हणाला, एका घराचा कर्ता माणूस म्या नेला, आता ते घर उभं करू दे पहिलं.

मी सुट्टीत आसेगावला आलो की त्याला भेटायचो. भेटायचोच. का, ते विचारू नका. तो विद्यापीठाच्या बातम्या अधाशासारखा विचारी. नवी इमारत कुठवर आली? कोणती यंत्रं घेतली? नव्या इमारतीत पेटणारी द्रव्यं ठेवायला मी हट्टानं वेगळी खोली बांधून घेतली होती. सगळे म्हणाले, काय दूरदृष्टी! हमीदला सांगितलं, तर त्याचे डोळे भरून आले. "माह्या चुकीतून एवढं तं चांगलं झालं," म्हणाला.

आता जे सांगायचं, त्यासाठीच एवढा फेरा घेतला. वाटलं असेल तुम्हाला, एवढंच — भित्रा माणूस, गप्प राहिला. एवढंच असतं, तर मी हे लिहायला बसलो नसतो.

एका उन्हाळ्यात त्याच्या दुकानात आम्ही दोघंच होतो. बाहेर लिंबाखाली गाड्या सोडलेल्या. तो बराच वेळ कापडाची घडी मोडत होता, पुन्हा घालत होता, त्या चिकटल्या बोटांनी. मग म्हणाला, "शंकर, एक विचारू? खरं सांगजो. मले राहून राहून वाटते का म्या बूच लावलं होतं. ते फिरवून बसवलं का कसं वाजते, मालूम हाय ना तुले? तो आवाज मले आठवून राह्यला. सपनात बी येते. तू त्या दुपारी बाटलीपाशी गेलता का रे?"

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. यारी होती. मी 'हो' म्हणालो असतो, तर त्यानं मला मारलं असतं? माझी नोकरी घालवली असती? नाही हो. हमीदला मी ओळखत होतो. तो रडला असता, आणि मग मोकळा झाला असता. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "नाही."

तो मान हलवत राहिला. त्याची शंका अजून तशीच होती, मला दिसत होती. तिची मला भीती वाटली. आणि मी म्हणालो — कोणी विचारलं नसताना म्हणालो — "हमीद, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो. दुपारी मी टेबलाजवळून गेलो, तेव्हा बूच नव्हतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. तेव्हाच लावलं असतं तर..."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. मग त्यानं ते हात माझ्या हातावर ठेवले. म्हणाला, "बरं झालं सांगतलं यार. आता मनात शंका तं नाही राह्यली. आणि तू काहून जीवाले लावून घेतं? तुहा काय कसूर त्याच्यात?"

मला त्यानं चहा पाजला. गाडीपर्यंत सोडायला आला.

त्यानंतर तो कधी त्या विषयावर बोलला नाही. भाऊ सांगे, नमाजानंतर फार वेळ बसून राहतो.

एका पावसाळ्यात त्याला विषमज्वर झाला. मला कळवलं होतं, पण परीक्षांचे दिवस होते — खरं सांगू, निघवलं नाही. पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. दुकानाच्या मागच्या पडवीत सुंदरा बसली होती. धनजहून आली होती, शेवटच्या दिवसांत तिनंच त्याच्या तोंडात पाणी घातलं. तिची मुलगी, आता लग्न झालेली, कडेवर मूल घेऊन उभी होती. सुंदरानं मला ओळखलं. पदर सावरला आणि सांगू लागली.

"तापात एकच बोलत राहे भाऊ. म्हने, सुंदराबाई, माफी द्या मले, बूच म्याच उघडं ठेवलं, शंकरनं डोयानं पाह्यलं. म्या म्हटलं, अहो भाऊ, म्या कवाचीच माफी देल्ली, ह्या पोरीचा बाप झाले तुमी. पर त्याले खरं नाही वाटे. पुन्हा तेच, पुन्हा तेच. तुमची वाट पाहे. म्हने, शंकर आला का विचारा त्याले, तो सांगन."

ती थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. मी बोलेन, असं वाटलं असेल तिला. नामदेवची बायको समोर होती, मुलगी समोर होती. ज्याला शिक्षा झाली तो आता उठून येणार नव्हता. माझं आता काय जाणार होतं? काहीच नाही. विभागाचा प्रमुख होतो मी.

मी म्हणालो, "फार चांगला माणूस होता." आणि मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो.

सुंदरा धनजलाच आहे. शेतात जाते, नातवंडं सांभाळते. दर वर्षी हमीदच्या कबरीवर फुलं घालायला मंगरुळपीरला येते, असं त्याचा भाऊ सांगत होता. येते आणि म्हणते, भाऊ, म्या तुमाले माफ केलं.