पांढरी राहिलेली भैरवी

दादाच्या माघारी त्याची खोली आवरताना ते लांबट चित्र हाती आलं. गुंडाळी सोडली, डावीकडचा पांढरा भाग दिसला आणि पुढचं उलगडवेना.

सत्तरनंतरची पहिली काही वर्षं असतील. आम्ही भवानी पेठेत राहत होतो. आमच्या वडिलांचे, अण्णांचे, कान कापड कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात हळूहळू गेले. कारखाना सुटला त्याचं त्यांना काही वाटलं नाही. सोमवारच्या भजनात पेटी वाजवणं सुटलं, ते लागलं. भजनाची माणसं बोलवायला यायची, तर हे दारातूनच हात जोडायचे.

दादा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याच्या एका जाड पुस्तकातल्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही; नुसते रंग आणि रेघा. शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या काही चित्रकारांनी गाण्याकडे पाहून ही वाट धरली, असं तो सांगायचा. "यमन कशासारखा दिसतो, असं कुणी विचारतं का? तरी कळतोच की. मग चित्रालाच झाड कशाला पाहिजे?" अण्णांचं गाणं त्यांना डोळ्यांनी परत द्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मांजरपाटाच्या लांब पट्ट्यावर त्याने राग रंगवले. पुस्तकातल्या वेळांप्रमाणे, सकाळपासून रात्रीकडे: डावीकडे भैरवी, मधे भीमपलास, उजवीकडे यमन. भैरवीचा रंग राखेत गुलाल सांडावा तसा. चित्र भिंतीवर लावून त्याने पाटीवर रागांची नावं लिहून अण्णांना दाखवली.

अण्णा मोठ्याने हसले. "आरं मास्तर, आधीच भैरवी? मानसं उठून घरी जातील की! पुढचं कुनाला ऐकवनार, भिंतीला?"

भैरवी झाली की भजन संपतं, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. दादा ओशाळला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, अण्णा देवळात गेलेले असताना, त्याने भैरवीवर पांढरा रंग फिरवला. उजव्या टोकाला पट्टा जोडून ती तिथे काढायची होती.

अण्णा परतले ते थेट चित्राच्या उजव्या अंगाला जाऊन बसले. मांडीवर त्यांची बोटं पेटीवर फिरावीत तशी फिरू लागली. यमन झाला, भीमपलास झाला. बोटं थांबली.

"भैरवी कुटं गेली?"

दादाने पाटीवर लिहिलं, 'चुकली होती.'

"चुकली कशानं? सकाळधरनं मी हिकडनं बघतोय की. शेवटालाच येत हुती बरोबर. लई चांगली हुती रे."

त्यानंतर दादाने कितीदा तरी तो रंग कालवला. अण्णा प्रत्येक वेळी जवळ येऊन बघायचे. "चांगली हाय. पर ती न्हाय." शेवटी दादाने ती जागा तशीच सोडली.

अण्णा मात्र असेपर्यंत संध्याकाळी त्या चित्रासमोर बसायचे. पांढऱ्यापाशी येऊन बोटं थांबायची. मग जेवायला हाक मारून उपयोग नसे, खांद्याला हात लावावा लागे. तरी ते लवकर उठत नसत. भैरवी झाल्याशिवाय उठायचं नसतं.