आतोबांच्या विहिरीचं पाणी

जगात स्वस्थ बसणं न जमणाऱ्या दोनच गोष्टी मला ठाऊक आहेत, एक हायड्रोजन आणि दुसरे माझ्या आत्याचे यजमान. अलिबागजवळच्या त्यांच्या घरी ओसरीवर पाठ टेकावी, तर आतोबा समोर येरझाऱ्या घालत असणारच. खताच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत जन्म गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचे हात शिवशिवतात. मग लोणच्याची रिकामी बरणी, स्कूटरची बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं आणि परीक्षानळ्या घेऊन ते पाण्याची फोड करत बसतात, म्हणजे उभेच असतात. एका नळीत ऑक्सिजन जमतो, दुसरीत त्याच्या दुप्पट हायड्रोजन. काडी धरली की हायड्रोजन फट्‌कन वाजतो आणि आत्याच्या हातातलं दूध हमखास सांडतं. मांडव्याच्या बोटीने आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे बघावंच लागतं, आणि त्याच्याही आधी आतोबांनी स्वतः खणलेल्या विहिरीचं तांब्याभर पाणी पिऊन "गोड आहे" म्हणावं लागायचं.

गेल्या मे महिन्यात आत्याने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि विकतच्या पाण्याचा जार दाखवला. आसपासच्या बंगल्यांच्या बोअरिंगमुळे विहिरीला खारं पाणी लागलं होतं, डाळ शिजेना. आतोबांना कळू नये म्हणून त्यांचा तांब्या, प्रयोगाची बरणी, सगळं ती जारमधूनच भरत होती. मीही बाहेर येऊन विहीर गोड असल्याचं सांगितलं. त्या दिवशी बरणी भरायला तिला जरा उशीर झाला. आतोबांना कुठला धीर, ते स्वतःच विहिरीवर गेले.

गोड्या पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून ते चिमूटभर धुण्याचा सोडा घालतात. या वेळी सोड्याआधीच बुडबुडे सुटले. ऑक्सिजनच्या नळीला त्यांनी नाक लावलं. बंगल्यांच्या पोहण्याच्या तलावाला येतो तो क्लोरीनचा वास आला, म्हणजे पाण्यात मीठ होतं. आतोबा चक्क खाली बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पाडव्यापासून," आत्या म्हणाली. "तुमाला सांगायला जीभ रेटली न्हाय."

मग ते उठले. एक कोरडी नळी उलटी धरून त्यांनी हायड्रोजन खालून तिच्यात ओतला, कारण हवेपेक्षा हलका असलेला हा वायू वरच्या दिशेनेच ओततात. काडी लावली, फट्‌ झालं आणि काचेवर आतून दव धरलं. जळलेल्या हायड्रोजनचं ते पाणी त्यांनी करंगळीने टिपलं आणि आत्याच्या जिभेला लावलं.

"ह्ये तरी गोडं हाय ना?"

आत्याने मान डोलावून हो म्हटलं. पाडव्यापासून पाण्याला गोड म्हणताना ती पहिल्यांदाच खरं बोलत होती.

हल्ली जारच्या पाण्याचा तांब्या देताना आतोबा चव विचारत नाहीत, आणि ते विचारत नाहीत म्हणून ते पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही.