धरणावरचा चर बुजवताना

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत गाळ आणि किस्से, दोन्ही आपोआप साचतात. कुणाकडे गेलो, चहा आला, 'काय काम करता?' असं कुणी विचारलं, की मी सरळ चरावर येतो. बायको हळूच म्हणते, "भरलं यांचं धरण." पण त्या एका कामात जेवढं ऐकलं-पाहिलं, तेवढं बाकीच्या अख्ख्या नोकरीत नाही. आणि ते सगळं मला का कोण जाणे, धुक्यातच आठवतं. भर उन्हात घडलेलं असलं तरी.

आधी जागा सांगतो. साखरखेर्ड्याहून आत गेलं की एका धरणाचं मागं पसरलेलं पाणी लागतं. अलीकडच्या काठावर छोटं गाव, पलीकडच्या काठावर दवाखाना, बसथांबा, बाजार. मधे जमिनीची एक लांब सोंड पाण्यात शिरलेली. पलीकडे जायचं तर डोंग्यात, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी होडीत बसायचं आणि त्या सोंडेला पार टोकापर्यंत वळसा घालायचा. मग एका उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना गावानं कुदळी-फावडी घेतली आणि सोंडेतून आरपार चर खणला. डोंगा जाईल एवढाच.

पुढं धरण चढताना-उतरताना पाणी त्या चरातून धावायला लागलं. वाऱ्याच्या लाटा आत शिरल्या. काठ ढासळत गेले. आम्ही तिथं पोचलो तेव्हा त्या चरातून तीन डोंगे शेजारी-शेजारी गेले असते, आणि सोंडेवरची शेतं दरवर्षी थोडी थोडी पाण्यात उतरत होती. तो चर बुजवायचा, हे आमचं काम.

* * *

डोंगा चालवायचे शालिकराम काका. चर का खणला, हे मी त्यांनाच विचारलं.

ते म्हणाले, माझं लग्न झालं तेव्हा नवरी डोंग्यातून आणली. वारा समोरून होता. सोंडेच्या टोकाला एक मोठं बाभळीचं झाड. नवरीनं ते झाड पाहिलं आणि दमून झोपली. चांगली झोप काढून उठली, तरी झाड तिथंच. तिनं पदरातून हळूच विचारलं, "हे झाड आपल्यासंगं येऊन राह्यलं का?"

नवऱ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. त्याच उन्हाळ्यात काकांनी कुदळ उचलली.

गावातले बाकीचे म्हणतात, मासोळी बाजारात लवकर न्यायची होती म्हणून चर खणला. काकांना हे कुणी सांगितलं की ते नुसतं वल्हं मारत राहतात.

* * *

चराच्या काठाला लागून कमलबाईंचं वावर, म्हणजे शेत. बाईंचा नवरा लवकर गेला. त्या वावरावर त्यांनी मुलगी शिकवली. ती मुलगी, सुजाता, पलीकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. रोज सकाळी काकांच्या डोंग्यातून, आपल्याच आईच्या वावराला खाणाऱ्या त्या चरातून ड्युटीवर जायची.

एका पावसाळ्यात बाईंच्या बांधावरची बाभूळ काठासकट खाली सरकली. पडली नाही. मुळांना धरलेली माती घेऊन तशीच सरळ पाण्यात जाऊन उभी राहिली. पुढचे कितीतरी महिने ती तिथं हिरवीगार. सुगरणींनी घरटीसुद्धा बांधली. खालच्या पाण्यात उलटं झाड, उलटी घरटी.

मी पहिल्यांदा मोजणीला गेलो तेव्हा बाईंनी कौतुकाची वस्तू दाखवावी तसं ते दाखवलं. म्हणाल्या, "वावर चाल्लं साहेब. पण कसं, उभ्यानं चाल्लं."

मी हातातला टेप गुंडाळून ठेवला. त्या दिवशी काही मोजावंसं वाटलं नाही.

* * *

कामाची पाहणी करायला पुण्याहून एक साहेब आले. माणूस सज्जन, पण आमची बोली त्यांना नवीन. त्यांनी कमलबाईंना अदबीनं विचारलं, नेमकी अडचण काय आहे?

बाई म्हणाल्या, "वावर जाऊन राह्यलं, साहेब."

आमच्या बोलीत म्हणजे, वावर जातंय. साहेबांना वाटलं, वावर कुठंतरी जाऊन राहिलंय. मुक्कामाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावणार, तेवढ्यात त्यांनीच पुढं विचारलं, "कुठं जाऊन राहिलं?"

बाईंनी पाण्याकडे बोट केलं. "तथी. खाली."

साहेब काठाशी गेले आणि खरंच वाकून बघायला लागले. पाणी अगदी स्थिर होतं त्या वेळी. आभाळ, ढग, ती बाभूळ, सगळं तळाशी असल्यासारखं. बराच वेळ ते बघत होते. मग जीपमध्ये येऊन बसले. साखरखेर्डा आल्यावर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे हो. तिथंच राहतंय ते."

* * *

चर बुजवायचा तर कुणाचं काय जाणार, हे विचारायला समाजमंदिरात बैठक घेतली. दगड किती, मुरूम किती, टिपर किती, हे आम्हाला काढता येत होतं. सुजाता सिस्टरची सकाळ कशात धरायची, हे येत नव्हतं. तो वळसा, समोरचा वारा, उशिरा पोचलेली लस, उपकेंद्राच्या ओट्यावर ताटकळलेल्या गरोदर बाया. शिवाय चरातून खेळतं पाणी यायचं ते थांबणार. गावाच्या बाजूचं पाणी साचून राहणार, तिथं धुणं धुणाऱ्या बाया आताच कुरकुरत होत्या.

साहेबांनी आधी कमलबाईंना विचारलं. ज्यांचं वावर वाचणार होतं, त्या. बाई उठून म्हणाल्या, राहू द्या चर. पोरीले अन् गावाले वळसा पडते. माह्यं वावर किती दिवसाचं.

मग काकांना विचारलं. ज्यांची सरळ वाट बंद होणार होती, ते. काका बसल्या जागेवरूनच म्हणाले, "बुजवा."

साहेब गोंधळले. त्यांनी दोघांची नावं पुन्हा विचारून घेतली. उलटसुलट तर झालं नाही ना?

काका म्हणाले, "तिच्या वावरातून माहा डोंगा जाते, साहेब. कवापर्यंत नेऊ?"

सुजाता मागं भिंतीला टेकून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, मी लवकर निघत जाईन. तेवढ्यावर ठरलं. कमलबाई मात्र बैठक संपल्यावरही बराच वेळ तिथंच बसून होत्या, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत.

* * *

दगड टाकण्याआधी आम्ही वाळूच्या पोत्यांचा तात्पुरता बांध घातला. पाणी कसं वागतं ते बघायला. दुसऱ्या सकाळी धुकं असं, की आपलाच हात परका वाटावा. मी आणि आमचे ड्रायव्हर वानखेडे बांधावर उभे.

धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला. काका सवयीनं चराकडेच आले होते. डोंगा पोत्यांना लागला, इतका अलगद की आत बसलेल्यांना वाटलं, काठ आला. एक म्हातारे प्रवासी उतरले, धोतर सावरलं आणि बांधावरून चालत धुक्यात गेले. पाणी पोत्यांना चाटत होतं.

थोड्या वेळानं म्हातारे परत आले. वानखेड्यांजवळ थांबले आणि म्हणाले, "मेहकरची गाडी गेली का हो?"

वानखेड्यांनी आजवर कुणाला खोटं सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "नाही बाबा. अजून आली नाही."

म्हातारे समाधानानं पोत्यावर बसले. धुकं उठलं तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी बघून ते हसले, आणि डोंग्यात बसून वळशाच्या वाटेला लागले.

* * *

मग दगड पडले, मुरूम पडला, चर बुजला. कमलबाईंचं वावर जागेवर थांबलं. बाभूळ मात्र पुढच्या हिवाळ्यात वाळली. गावाच्या बाजूचं पाणी हिरवं पडलं, म्हशी त्यात उतरेनाशा झाल्या. बाया धुणं घेऊन लांब जायला लागल्या. त्या म्हणत, पाणी झोपलं. सुजाता अंधुक उजेडातच घरून निघायची, तरी वाऱ्याच्या दिवसांत पोचायला उशीर व्हायचाच. हे सगळं खरं आहे आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

आम्ही भरावाच्या उताराला दगड लावत होतो, त्या दिवसांतली गोष्ट. सुजाताला सुट्टी होती. दुपारी पलीकडून तिला फोन आला. एक बाई अडली होती. सुजाता पेटी घेऊन डोंग्याशी आली. पण वारा सुटला होता, सोंडेच्या टोकाशी लाटा उभ्या राहत होत्या. तिथून डोंगा गेला नसता. रस्त्यानं लांबचा फेरा घालून जायला वेळ नव्हता.

काकांनी डोंगा सरळ आमच्या भरावाकडे आणला. पूर्वीच्या चराच्या तोंडाशी लावला आणि आम्हाला हाक मारली. सगळे धावलो. मी, वानखेडे, दगडावरची माणसं, वावरातून कमलबाई. डोंगा उचलून भरावावरून पलीकडच्या पाण्यात ठेवायचा होता. तिकडं वाऱ्याला आडोसा होता.

बाळंतीण सुखरूप सुटली, हे आधीच सांगून टाकतो. मुलगी झाली. आज ती चांगली चालते.

तर, आम्ही डोंग्याला हात घातला तेव्हा सुजाता पेटी घेऊन उतरायला लागली. साहजिकच होतं. तेवढंच वजन कमी. काकांनी तिच्यापुढं वल्हं आडवं धरलं.

"बसून राय, बाई," ते म्हणाले. "डोंगा असो का पालखी, रिकामी खांद्यावर घेत नसतेत."

ती बसली. कमलबाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन खांदा दिला.