तिच्या तोंडी घातलेला नकार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शालनला तर नाहीच — आणि आता सांगायला ती राहिली नाही. तिचा कोट अजून दारामागं आहे. त्याच्याशी बोलून बघितलं. जमलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझं शिक्षण सातवी. इथं इंग्लंडात, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये गोदामात खोकी बांधण्यात जन्म गेला. आमच्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर कॉम्प्युटरवाले. तिथं मी खुर्च्या मांडायचो. मला ओळखायचे ते शालनवहिनींचे मिस्टर म्हणून. नवी सून विमानातून उतरली की दुसऱ्या दिवशी हिच्याकडं हजर. जीपी डॉक्टरकडं नाव कसं घालायचं, मेथी कुठं मिळते, नवरा बोलत नाही तर काय करायचं — सगळं हिला विचारायचं. मला ते — काय सांगू — खुपायचं. बायकोला लोक मानतात म्हणून जळणारा नवरा बघितलाय का कधी? बघा मग.

एका वर्षी मंडळाच्या अध्यक्षपदाला निखिल उभा राहिला. नागपूरचा पोरगा, व्हिसावर आलेला. त्याचं म्हणणं एकच, सक्ती नको. वर्गणी ज्याला द्यायची त्यानं द्यावी. गणपतीला कुणी काय घालून यावं, पोरांनी नाटकात कुठल्या भाषेत बोलावं, हे कमिटीनं ठरवू नये. माणसानं दुसऱ्या माणसाचं काही ठरवूच नये, म्हणायचा. जुने अध्यक्ष, एक डॉक्टर, भर सभेत त्याला म्हणाले, मग मंडळ तरी कशाला पाहिजे, घरीच बसा की सगळे. हा हसत म्हणाला, "बसा ना, डॉक्टरसाहेब. यायचीपण सक्ती नाही." मला पोरगा आवडला होता. खरंच आवडला होता.

आमच्याकडं अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनं उभे राहतात, मत जोडीला पडतं. निखिलला जोडीला जुन्यांतलं माणूस हवं होतं, नाहीतर म्हाताऱ्यांची मतं गेलीच म्हणायची. शालनचं नाव निघालंय हे तिच्या कानावर आलं होतं. तिनं दांडी तुटलेला चष्मा दुरुस्त करून आणला. स्टेजवर वाचायला लागलं तर असावा, म्हणून.

एका शनिवारी दुपारी निखिल घरी आला. ही कुणा बाळंतिणीकडं गेलेली. मी चहा केला, पाणचट झाला, त्यानं गुमान प्यायला. मग म्हणाला, "काका, उपाध्यक्ष म्हणून काकू पाहिजेत मला. तुमची हरकत नसेल तर विचाराल का त्यांना?"

माझी हरकत. कळतंय का तुम्हाला? कुणी कुणाचं ठरवू नये म्हणणारा पोरगा — आणि बायकोचं नवऱ्याला विचारत होता. आपल्यात असंच विचारतात. त्याच्या ध्यानातही आलं नसेल. माझ्या आलं.

आहे हरकत, असं तोंडावर म्हणालो असतो तरी एक वेळ ठीक होतं. तेवढीही छाती नव्हती. विचारतो म्हणालो. आणि विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, ती नको म्हणते, तिला पुढंपुढं करायला आवडत नाही. आणि तिच्यापाशी विषय काढू नकोस बाबा, तिला अवघड होतं.

त्यानं कधीच काढला नाही. नाही म्हटलेल्या माणसाला परत विचारणं हीपण सक्तीच, असं मानणारा तो. त्याच्या चांगुलपणावर माझं खोटं टिकलं. त्यानं एक रिटायर झालेले बँकवाले घेतले आणि जोडी पडली. वहिनी असत्या तर आली असती निवडून, असं मागच्या रांगेतल्या बायका म्हणत होत्या. मी खुर्च्या आवरत होतो. सगळं ऐकलं.

पण एवढंच असतं तर — थांबा, सांगतो.

ते बँकवाले उभे राहिले त्या आठवड्यात भाजी निवडता निवडता तिनं विचारलं होतं, माझं नाव का मागं पडलं हो? काय सांगणार होतो? तोंडातून आलं ते आलं. "त्याला इंग्रजी बोलणारं माणूस पाहिजे होतं. कौन्सिलवाल्यांशी बोलावं लागतं."

"बरोबरच आहे त्याचं," म्हणाली. आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

मग लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जायला लागली. त्या वयात. गुडघे धरलेले, थंडी मरणाची, बसस्टॉपवर उभी. स्वयंपाकघरात भांड्यांशी इंग्रजी बोलायची. चुकली की मी हसायचो. हसायचो हो मी! एका वाक्यात थांबवता आलं असतं — शालन, तू कुठं कमी पडली नाहीस, मीच तुला मागं ओढलं. रोज समोरासमोर बसून जेवलो आम्ही. किती वर्षं. एकाही घासाला ते वाक्य बाहेर आलं नाही.

शेवटी हॉस्पिटलात होती. अंगात काही उरलं नव्हतं, तरी नर्सशी इंग्रजीत बोलली. कुठं दुखतंय, कधीपासून, आणि वर तिलाच विचारलं, तुझी शिफ्ट कधी संपते, घरी लेकरांपाशी कोण आहे. नर्स हसली, तिचा हात दाबून गेली. शालन माझ्याकडं वळली. दम लागलेला, पण तोंड असं, जशी पोर परीक्षेत पास होऊन घरी आली.

"आता घेतलं असतं का हो त्यानं मला?"

ती शुद्धीवर होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिनं वाट बघितली.

मी म्हणालो, "पाणी देऊ का?"