मिश्री सोडवताना

माणूस सवय कशी लावून घेतो आणि कशी सोडतो, हे मी धाराशिवच्या एका नर्सिंग शाळेत शिकवते. माझा तास जेवणानंतरचा. मुलींचे डोळे मिटत असतात, आणि खरं सांगायचं तर माझेही. मी फळ्यावर बदलाच्या पायऱ्या काढते. आधी माणसाच्या मनात सोडायचा विचारच नसतो, मग विचार येतो, मग तयारी, मग कृती, मग ते टिकवणं, आणि पाय घसरला की पुन्हा पहिल्यापासून. मुली शिडी काढतात. मी सांगते, शिडी नव्हे गं, हे गोल फिरतं. पुढच्या वर्षीच्या मुलीही शिडीच काढतात. आता मी सांगायचं सोडून दिलं आहे.

एका उन्हाळ्यात गावाकडून वहिनीचा फोन आला. ईटच्या बाजूला आमचं गाव. आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं तिथं राहतात. वहिनी म्हणाली, "ताई, आत्याचं तोंड एकदा दाखवून आणा. तिखट सोसंना झालंय. भाकरी दुधात कुस्करून खात्यात." आत्या म्हणजे तिची सासू, माझी आई. मला धक्काच बसला. आई जन्मभर ठेच्यावर जगलेली बाई. ती दुधात भाकरी कुस्करते म्हणजे काहीतरी चुकतंय, एवढं कळायला नर्सिंग शाळेत शिकवावं लागत नाही.

मी तिला धाराशिवला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी खालचा ओठ उलटा केला, बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. दुधावर साय धरावी तसा पांढरा चट्टा होता. "मिश्री लावता?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "थोडी." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण बंद करा. दसऱ्यानंतर परत या. चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." कशासाठी तपासायचा, ते त्यांनी आईला सांगितलं नाही. आईनं विचारलंही नाही. परत जाताना येडशीला एसटी थांबली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरीणबाई पुण्याकडची दिसतीय. तिला मिसरी काय कळतीय?"

मिश्री म्हणजे तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजलेली आणि मग कुटलेली तंबाखू. आमच्याकडं ती वहिनी भाजते. परसात तीन दगडांवर काठ तुटलेला तवा ठेवायचा, नाकाला पदर लावायचा आणि खोकत खोकत भाजायचं. ती डबीत भरून आईच्या हातात द्यायची. सकाळी आई गोठ्याशेजारच्या दगडावर बसायची, डाव्या तळव्यावर चिमूटभर घ्यायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर फिरवत राहायची. तेव्हा घरात नुसती धांदल असते. वहिनी धारा काढत असते, भाऊ खव्याच्या भट्टीवर दूध पोचवायला मोटारसायकलला कॅन बांधत असतो, पोरांचे मोजे सापडत नसतात. पण त्या वेळात आईला कोणी हाक मारायचं नाही. तोंडात मिश्री असलेल्या बाईला उत्तर देता येत नाही, हे घराला मान्य होतं. ती थुंकून, चूळ भरून उठली की मग दिवसभर आई हे कुठंय, आई ते कुठंय.

आमच्या विषयात याला बक्षीस म्हणतात. ज्या वागण्यापाठोपाठ काहीतरी सुखाचं मिळतं, ते वागणं पक्कं होत जातं. तंबाखूची तलफ भागते हे बक्षीस पुस्तकात दिलेलं आहे. बसायला मिळतं हे बक्षीस पुस्तकात नाही. ते माझं मला सुचलं, आणि त्याची मला थोडी घमेंडही होती.

तरी सुरुवात मी भीतीपासूनच केली. भीती दाखवून माणूस फारसा बदलत नाही, हे मी वर्गात घसा फोडून सांगते. पण दमलेला माणूस आधी सोपं तेच करतो. मोबाइलवर गाल सडलेल्या एका माणसाचा फोटो काढून मी आईसमोर धरला. तिनं तो नीट, वेळ घेऊन पाहिला. "बिचारा," ती म्हणाली. "कुठल्या गावचा हाय?" मग म्हणाली, "हे पुड्या खाल्ल्याचं हाय. मिसरीनं असं होत न्हाय."

मग एका सवयीच्या जागी दुसरी बसवायची म्हणून मी ओवा आणि बडीशेप भाजून दिली. ती तिला आवडली. मिश्री लावून झाल्यावर खायची. मग शाबासकी. नातवंडांना सांगून ठेवलं की आजीनं मिश्री लावली नाही तर टाळ्या वाजवायच्या. पोरांनी इमानदारीनं टाळ्या वाजवल्या. आई भडकली. "मला काय बालवाडीत घातलंय व्हय?" शेवटी आपल्यासारख्याच माणसाला जमलेलं पाहून आपल्यालाही जमेल असं वाटतं, या आधारावर मी मिश्री सोडलेल्या शेजारच्या म्हातारीला चहाला बोलावलं. ती गेल्यावर आई म्हणाली, "तिला दातच ऱ्हायले न्हाईत. लावंल कशाला?"

मला हसू यायला हवं होतं. तेव्हा आलं नाही. दर शनिवारी मी एसटीनं गावी जायची, उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधीच "दाखव बोट" म्हणायची, आणि आई काळं बोट माझ्यापुढं धरून "न्हाय लावली" म्हणायची. मला तिचा संताप यायचा. मी खोटं बोलले म्हणून ज्या बाईनं मला चुलीपुढं उभं केलं होतं, ती तोंडावर खोटं बोलत होती. मग वाटायचं, ही घाबरली असेल. मग वाटायचं, घाबरली असेल तर सोडत का नाही. रविवारी परतताना डोकं भणभणत असायचं. भाऊ एकदा जेवताना म्हणाला, "तू शिकवतीस म्हणं हे सगळं. शिकतं का कुणी?" तो चिडवत होता, पण मला ते झोंबलं. सोमवारी फळ्यापुढं उभं राहून मी पायऱ्या काढायची आणि प्रत्येक पायरीवर मला आईचं बोट दिसायचं. कंटाळा म्हणतात तो हा नव्हे. हातात जे येतं तेच कामाचं नाही, असं वाटायला लागलं होतं.

तोडगा अचानक निघाला. सोयाबीनची गडबड सुरू झाली आणि भावाला सकाळीच रानात जावं लागायला लागलं. भट्टीवर दूध कोणी न्यायचं यावर बोलणं चाललं होतं. भट्टी आमच्याच गल्लीच्या टोकाला, कॅन हातात धरून चालत जाता येईल एवढ्यावर. मी म्हटलं, आईला जाऊ दे. वेळ नेमकी मिश्रीचीच होती. आई जरा कुरकुरली, पण दुधाचं काम म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही.

भट्टीवर माणसांची ये-जा असते. चारचौघांत आई मिश्री लावणारी नव्हे. दूध मापून दिलं की ती तिथंच फळीवर टेकायला लागली. समोर लोखंडी कढईत दूध आटत असतं, भट्टीवाली बाई उलथन्यानं ढवळत असते, आणि घरातली हाक तिथवर पोचत नाही. भट्टीवाली रोज गरम खव्याची गोळी तिच्या हातावर ठेवायची. एका सकाळी मी शाळेत असताना आईचा फोन आला. एरवी तिला फोन लावून द्यावा लागतो. हा तिनं भट्टीवालीकडून लावून घेतला होता. म्हणाली, "आगं, खवा गोड लागाया लागला. इतके दिवस नुसता गिळत हुते." मी बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि शिक्षकांच्या खोलीत डोळे पुसत बसले. मिश्री सुटली आहे हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या शनिवारी तिचं बोट स्वच्छ होतं. मी वहिनीला म्हटलं, "आता भाजू नका." ती म्हणाली, "बरं, ताई."

दसरा झाल्यावर आम्ही डॉक्टरीणबाईंकडं गेलो. भाऊ मळणीत अडकलेला, म्हणून आईसोबत पिशवी धरायला वहिनी आली. डॉक्टरीणबाईंनी ओठ उलटा केला, बॅटरी मारली, पुन्हा मारली. चट्टा गेल्यातच जमा होता. "छान," त्या म्हणाल्या, "आता तुकडा काढायची गरज नाही." आई तोंड भरून हसली. उन्हाळ्यापासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं, आणि मला जाणवलं की मी किती थकले आहे. खुर्चीवर टेकून मी सोमवारच्या तासाचा विचार करायला लागले. या वेळी मुलींना सांगायला माझ्याकडं घरचं उदाहरण होतं. बक्षीस तेच ठेवून फक्त जागा बदलली, हे सांगायचं. कदाचित एखादी जागीही राहील.

हात धुता धुता डॉक्टरीणबाईंनी वहिनीला विचारलं, "तुम्ही लावता का?"

"ती न्हाय लावत," आईनंच उत्तर दिलं. "आमच्यात मी एकटीच हुते."

वहिनीनं पदर तोंडावर घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलाच आहात तर बघू की." वहिनी आईकडं बघत खुर्चीत बसली. त्यांनी ओठ उलटा केला. दिवा जवळ ओढला. कापसानं घासून पाहिलं. "दुखतं?" "न्हाय." "किती दिवस आहे हे?" "लई दिवस झाले." "आणि मिश्री?"

वहिनी छताकडं बघत म्हणाली, "लगीन झाल्यापासनंच म्हणा की."

आमच्याकडं सून सासूसमोर मिश्री लावत नाही. ती गोठ्यामागं लावते, न्हाणीत लावते, आणि बाकीच्यांनी तिथं बघायचं नसतं. तिच्या दातांकडं, बोटाकडं बघून काही ओळखलं तरी बोलायचं नसतं. हा सासूचा मान, आणि सुनेचाही. आईनंही तिच्या काळात अशीच चोरून लावली असणार. त्यामुळं दर शनिवारी आईचं बोट उजेडात धरून तपासणारी मी, तंबाखू भाजणाऱ्या हाताकडं कधीच पाहत नव्हते. पाहिलं असतं तर ते बरं दिसलं नसतं.

"तुकडा आजच काढू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेर बसा. बोलावते."

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो. आई वहिनीकडं वळली. मग म्हणाली, "मला सांगायचं न्हाय व्हय गं?"

"तुमी तरी तुमच्या सासूला कुठं सांगितलं हुतं?"

वहिनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाली, "हल्ली जास्तच व्हायला लागली हुती, ताई. आत्या भट्टीवर गेल्या की घरी कुणी नसायचं. दगडावर निवांत बसता यायचं."

माझी सोमवारची सगळी मांडणी तिथंच कोसळली. मी आईला त्या जागेवरून उठवलं होतं, आणि ती जागा रिकामी राहणार नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता.

आईनं वहिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. तसा तिनं ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. "उद्यापासनं धारा मी काढती," ती म्हणाली. "भट्टीवर तू जात जा. खवा खा. बस जरा तिथं."

"तुमी सासू हाव, आत्या," वहिनी म्हणाली. "तुमाला बसू देत्यात. सून नुसती बसलेली कुणाला बघवतीय?"

आतून तिला हाक आली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवून ती लगेच उठली.